वारस न लागलेलं वाचनालय : एक प्रकरण अभ्यास

आषाढी होऊन आठवडा झाला असेल. २०२५ चा जुलै. अमळनेर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावाहून तिघं जण माझ्याकडे आले. वाचनालयाचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, म्हणून गुरुजी. आणि ग्रंथपाल ताई. काम छोटं वाटत होतं. बँकेने खात्याची केवायसी नव्याने मागितली होती आणि अण्णा-गुरुजींच्या सह्या चालू ठेवायला धर्मादाय कार्यालयातली परिशिष्ट एकची, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या आणि मिळकतीच्या नोंदीची, ताजी नक्कल आणा, असं सांगितलं होतं. तोपर्यंत व्यवहार थांबलेले. ताईंचा तीन महिन्यांचा पगार अडकलेला.

"सर, आमची निवडणूक झाली, ठराव झाला, पेपरात बातमी आली. अजून काय पाहिजे?" गुरुजींचा प्रश्न रास्त होता.

त्यांनी जळगावच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून नक्कल काढून आणली होती. मी ती उघडली. विश्वस्तांच्या रकान्यात अकरा नावं होती, सगळी १९९८ च्या निवडणुकीतली. त्या अकरांपैकी सात जण वारले आहेत. एक सुरतेला मुलाकडे, एक पुण्याला. गावात उरलेले दोघं, त्यातले आबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. समोर बसलेल्या अण्णांचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं, गुरुजींचंही नव्हतं.

इथे गाव आणि संस्था ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. बाकी घडलं तसं लिहितो, कारण खानदेशातल्या किती तरी वाचनालयांच्या, व्यायामशाळांच्या, छोट्या शिक्षण मंडळांच्या कपाटात हीच फाईल पडून आहे. मला हे ठाऊक आहे, कारण मी त्या फाईली पाहतो.

संस्थेची घडण

वाचनालय १९६९ चं. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था म्हणून आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० (आता 'महाराष्ट्र' म्हणतात) खाली न्यास म्हणून, अशा दोन्ही नोंदण्या. म्हणून न्यासाच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर. उत्पन्न म्हणजे शासनाचं ग्रंथालय अनुदान, सभासद वर्गणी, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी काढलेल्या अभ्यासिकेची फी आणि बाजाराकडे तोंड असलेल्या सहा गाळ्यांचं भाडं. सगळं मिळून वर्षाला साडेनऊ लाखांच्या आसपास. जीएसटीचा प्रश्न त्यामुळे एका ओळीत मिटला. सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा खूप दूर होती.

घटनेप्रमाणे दर पाच वर्षांनी कार्यकारी मंडळ निवडायचं. त्यांनी ते निवडलं. २००३, २००८, २०१३, २०१८, २०२३. पाच निवडणुका, आणि एकाही निवडणुकीचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल नाही.

मी गुरुजींना विचारलं, "तुमच्या वडिलांची शेती तुमच्या नावावर कशी झाली?"

"वारस लावला. तलाठ्याकडे फेरफार केला."

"वडील वारल्यावर शेत तुम्हीच कसत होतात ना? मग फेरफार कशाला?"

"सातबाऱ्यावर नाव नको का? नाहीतर कर्ज कोण देईल?"

परिशिष्ट एक हा संस्थेचा सातबारा आहे. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मिळकत वाढली किंवा गेली, की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत परिशिष्ट तीनच्या नमुन्यात बदल कळवायचा. चौकशी होते, हरकती मागवतात, आदेश होतो आणि मग नोंद फिरते. निवडून आलेलं मंडळ आदेश होईपर्यंत कारभार पाहू शकतं, निवडणूक काही रद्द होत नाही. पण तिऱ्हाइताने, म्हणजे बँकेने, देणगीदाराने, प्राप्तिकर खात्याने, कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा हे त्या नोंदीवरूनच ठरतं. गुरुजींना हे एका मिनिटात समजलं. शेती असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त ही दोन्ही कागदं एकाच जातीची आहेत, हे कुणीतरी सांगावं लागतं. मी २०१९ मध्ये याच संस्थेचं टॅनचं, म्हणजे टीडीएसच्या क्रमांकाचं, काम केलं होतं. तेव्हा परिशिष्ट एक बघायला मागितलं असतं तर दोन मंडळांचा उशीर तरी कमी झाला असता. ती चूक माझी आहे.

बँकेपेक्षा मोठी तारीख

उठता उठता मी विचारलं, "तुमची बारा-एची ऑर्डर कधीची?" बारा-ए म्हणजे संस्थेला प्राप्तिकरात सूट देणारी नोंदणी. ताईंनी मोबाइलमधून कागद दाखवला. २०२० च्या वित्त कायद्याने जुन्या सगळ्या संस्थांना १२एबी खाली पुन्हा नोंदणी घ्यायला लावली होती. तेव्हाच्या सेक्रेटरींनी, ते आता हयात नाहीत, २०२१ मध्ये फॉर्म १०ए वेळेवर भरला होता. १२ए आणि ८०जी (देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता) दोन्हींसाठी. पाच वर्षांची मंजुरी, आकारणी वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७. त्या माणसाने मागे ठेवलेलं हे मोठं काम आहे. त्या वेळी अनेक संस्थांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली, ती थेट ३० जून २०२४ पर्यंत, आणि तरीही कित्येक राहिल्या.

पण पाच वर्षं संपतात ३१ मार्च २०२६ ला आणि नूतनीकरणाचा फॉर्म १०एबी संपण्याच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. म्हणजे ३० सप्टेंबर २०२५. हातात जेमतेम अडीच महिने.

ही तारीख चुकली तर काय, हे मी अण्णांना नीट सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मुदतीत अर्ज न करणारी संस्था जणू धर्मादाय राहिली नाही असं धरून कलम ११५टीडी लागू शकतं. संस्थेच्या मालमत्तेचं बाजारमूल्य काढायचं, देणी वजा करायची आणि उरलेल्यावर कमाल दराने कर. बाजारपेठेतली इमारत, सहा गाळे. हा कर भरायला वाचनालयाकडे पुस्तकांशिवाय विकण्यासारखं दुसरं काय आहे? ऑक्टोबर २०२४ पासून वाजवी कारण असेल तर प्राप्तिकर आयुक्त उशीर माफ करू शकतात, हा दिलासा आहे. पण माफी मागण्याची वेळ येऊ नये म्हणून धावायचं, की माफीच्या भरवशावर बसायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

शिवाय १०एबीची छाननी करताना आयुक्त फक्त हिशेब बघत नाहीत. संस्थेच्या उद्देशांसाठी महत्त्वाचे असलेले इतर कायदे पाळले का, हेही बघतात. अर्जात विश्वस्त म्हणून अण्णा आणि सोबत जोडलेल्या परिशिष्ट एकमध्ये सात मयत माणसं, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं. म्हणून क्रम ठरला. आधी धर्मादाय, मग इन्कम टॅक्स. बँक दोन्हींच्या मागून आपोआप येईल.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर आणखी एक गोष्ट निघाली. संस्थेचा नोंदवलेला मोबाइल दिवंगत सेक्रेटरींचा. सिम त्यांच्या सूनबाईंकडे. खात्याचे सगळे मेसेज दोन वर्षं त्यांना येत होते आणि फसवणुकीचे असतील म्हणून त्या ते पुसून टाकत होत्या. कुणीतरी सुचवलं की घाई आहे तर त्याच नंबरचा ओटीपी घेऊन अर्ज करून टाकू. मी नाही म्हणालो. गेलेल्या माणसाच्या नावाने पडताळणी करणं म्हणजे त्याची खोटी सही करणंच आहे. प्रोफाइलमध्ये मुख्य व्यक्ती म्हणून अण्णांची नोंद केली, गुरुजींचा मोबाइल आणि संस्थेच्या नावाचा नवा ईमेल टाकला. त्याला फक्त दोन दिवस लागले.

पाच निवडणुकांचा पुरावा

हे या प्रकरणातलं खरं काम. प्रत्येक निवडणुकीचा वेगळा चेंज रिपोर्ट लागतो आणि प्रत्येकाला आपापले कागद. सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, ठराव, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, सोडून गेलेल्यांचे राजीनामे, प्रतिज्ञापत्र आणि उशीर माफ करण्याचा अर्ज. मधली एक कडी सोडून २०२३ वर उडी मारता येत नाही. १९९८ च्या मंडळाकडून २००३ च्या मंडळाकडे कारभार कसा गेला, हे आधी दाखवावं लागतं. सातबाऱ्यावरही आजोबांचं नाव असताना थेट नातवाचं लागत नाही.

२०२३ आणि २०१८ चे कागद जवळपास पूर्ण होते. २०१३ ची सभा एकमताने झालेली, हजेरीच्या सह्या होत्या, नोटिशीची पोच नव्हती. २००८ चं प्रोसीडिंग बुक छत गळून भिजलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. २००३ ची तर नोटीसच सापडेना.

इथे एक जण, त्याचं नाव मी घेणार नाही, म्हणाला, "साहेब, नवं बुक आणू, जुन्या शाईने लिहू, आबांची सही घेऊ. कोण विचारतं?" हा सल्ला गावोगाव दिला जातो. मी त्या दिवशी जरा जोरात बोललो, ते मला आठवतं. प्रामाणिक संस्थेचा उशीर माफ होतो. पण एकदा मागच्या तारखेचा कागद पकडला गेला की खरे असलेले चार कागदही खोटे ठरतात, आणि सही करणारे आबा या वयात प्रतिज्ञापत्रावर खोटं बोललेले ठरतात. वाचनालयासाठी आयुष्य घातलेल्या माणसावर ही वेळ आणायची नाही.

मग खरा पुरावा कुठे मिळणार? ताईंनी तो शोधला. ग्रंथालय अनुदानासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे दर वर्षी वार्षिक अहवाल जातो. त्यात त्या वर्षीच्या कार्यकारिणीची यादी असते, अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सह्या असतात आणि कार्यालयाचा आवक शिक्का असतो. ताईंनी १९९९ पासूनच्या स्थळप्रती वर्षवार बांधून ठेवल्या होत्या, कापडी बस्त्यात. २००३-०४ ची यादी १९९८ च्या यादीपेक्षा वेगळी होती आणि शिक्का त्याच काळातला होता. बँकेला दिलेली सह्या बदलाची जुनी पत्रं मिळाली. ऑडिट रिपोर्टवर त्या त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. २००८ च्या बुकातली पानं ताईंनी सावलीत वाळवून एकेक सुटी केली. ठरावाचं पान वाचता आलं. ज्या पानाचं काही कळत नव्हतं, तिथे "पान खराब झाले आहे" एवढंच लिहून दिलं.

२००३ च्या बदलाचा अहवाल कोण देणार, हा पुढचा प्रश्न. नोंदीवरचा हयात विश्वस्त, म्हणजे आबा. आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो. ऐकू कमी येतं, पण समजतं सगळं. गुरुजींनी कागद वाचून दाखवला तसे आबा म्हणाले, "मन्हं नाव अजून तठे शे?" आणि मग बराच वेळ ती सात नावं बोट ठेवून वाचत बसले. त्यातले दोघं त्यांच्या वर्गातले होते. सही करताना त्यांचा हात थरथरला म्हणून अंगठाही घेतला. तो नोटरीसमोर, घरीच.

सुरतेच्या काकांसाठी गुरुजी ताप्ती लाइनने उधन्याला गेले. पुण्याच्यांनी राजीनाम्याचं जुनं पत्र पोस्टाने पाठवलं. ते त्यांनी जपून ठेवलं होतं, संस्थेने नव्हतं. सात मृत्यूदाखल्यांपैकी दोन वेगळ्या ग्रामपंचायतींतून आणावे लागले.

सभासद यादीही तपासली. यादीत २१४ नावं, वर्गणी चालू असलेले ८३. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मत देता येत नाही, त्याला सभासदही धरत नाहीत. २०२३ च्या हजेरीतल्या सह्या पावती पुस्तकांशी ताडून पाहिल्या. चार मतदार थकबाकीदार निघाले. निवड बिनविरोध असल्याने निकाल बदलत नव्हता, पण अर्जात ते लपवलं नाही.

उशीराच्या अर्जात कारण लिहिलं ते खरं. निवडलं की झालं असं आम्ही समजत होतो. यादी ग्रंथालय कार्यालयाला जात होती, त्यामुळे सरकारला कळलंच आहे असं वाटलं. त्यापुढे एकही वाक्य नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाचही अहवाल दाखल झाले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवसांपुढचा उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, पण कळवणाऱ्या विश्वस्ताने सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत खर्च भरायचा असतो. आबांच्या वाट्याचा खर्च अण्णांनी भरला.

गाळा आणि ठेव

हिशेब चाळताना दोन जागी माझं बोट थांबलं.

अभ्यासिकेसाठी लोकांनी दिलेले ३ लाख ६० हजार गावातल्या पतसंस्थेत ठेव म्हणून होते. व्याज चांगलं, माणसं ओळखीची. पण प्राप्तिकराच्या कलम ११(५) मध्ये ठेवीच्या ज्या जागा सांगितल्या आहेत त्यात पोस्ट आहे, शेड्यूल्ड बँक आहे, बँकिंग करणारी सहकारी बँक आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचं दुःख घराघरात पाहिलेलं आहे, त्यामुळे ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही. मुदतीआधी ठेव मोडली, थोडं व्याज गेलं, पैसा बँकेत आला.

दुसरं अवघड होतं. सहापैकी पाच गाळ्यांचं भाडं महिना अडीच हजार, एकाचं सातशे. तो गाळा २०१६ मध्ये नऊ वर्षांच्या कराराने अण्णांच्या पुतण्याला दिलेला. अण्णा तेव्हाही मंडळात होते. गाळा तेव्हा रिकामाच होता, पोराला धंदा नव्हता, कुणालाही वावगं वाटलं नाही. पण इथे दोन कायदे मोडतात. न्यासाची बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कलम ३६. आणि प्राप्तिकराच्या कलम १३ प्रमाणे विश्वस्ताच्या नातेवाइकाला संस्थेची मिळकत पुरेशा भाड्याशिवाय वापरायला देता येत नाही. नातेवाइकाच्या व्याख्येत भावाचा मुलगा येतो.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "संस्थेला माझ्यामुळे डाग लागला का?" मी त्यांना आकडा सांगितला. फरक महिना १,८००, वर्षाला २१,६००. आकारणी वर्ष २०२३-२४ पासून पूर्ण सवलत जात नाही, तेवढ्या भागावर ३० टक्के कर लागतो, म्हणजे ६,४८० आणि वर सेस. दंडही होऊ शकतो, पहिल्या वेळी दिलेल्या लाभाएवढा. करार २०२५ च्या एप्रिलमध्ये संपला होता. नवा करार अकरा महिन्यांचा, अडीच हजारांचा, नोंदणी करून. ठरावाच्या वेळी अण्णा सभेतून उठून बाहेर गेले आणि ते प्रोसीडिंगमध्ये लिहिलं. तीन वर्षांचा फरक, ६४,८००, त्यांनी स्वतःच्या खात्यातून संस्थेला भरला. त्याने मागचा भंग पुसला जात नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं, तरी भरला. ऑडिटरांनी २०२४-२५ च्या १०बीबी अहवालात हा व्यवहार नोंदवला आणि संस्थेने कर भरला. मला ही गोष्ट या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाची वाटते.

अर्ज आणि पुढे

२४ सप्टेंबरला १२एबी आणि ८०जी दोन्हींसाठी वेगवेगळे १०एबी दाखल झाले. सोबत जुनं परिशिष्ट एक आणि पाच चेंज रिपोर्टच्या पोचा. दिवाळीनंतर पुण्याच्या आयुक्त (सूट) कार्यालयाची नोटीस पोर्टलवर आली. अपेक्षित प्रश्न होते. विश्वस्तांची नावं का जुळत नाहीत, गाळ्यांचं भाडं कोणाकडून किती, अभ्यासिकेत किती मुलं आणि फी किती. उत्तराला आमच्याकडे तेच कागद होते, नवं काही बनवावं लागलं नाही. ताईंनी अभ्यासिकेचं हजेरी रजिस्टर स्कॅन करून जोडलं. फी महिना दोनशे, आणि ज्यांची ऐपत नाही अशांना माफ, हे त्या रजिस्टरमध्ये दिसत होतं.

आदेश फेब्रुवारीत आला. मंजूर. आधीच्या दोन वर्षांत उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना २०२५ च्या वित्त कायद्याने नोंदणी दहा वर्षांची केली आहे, ती यांना मिळाली. ८०जीची मुदत मात्र पाचच वर्षं. या दोन तारखा एक समजण्याची चूक पुढे खूप संस्था करतील अशी मला भीती आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. वर दिलेली प्राप्तिकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत.

धर्मादाय कार्यालयात २००३ आणि २००८ चे बदल मंजूर होऊन नोंदले गेले. २०१३ च्या अहवालात नोटिशीची पोच नसल्याने चौकशी चालू आहे, त्यात सुरतेच्या काकांची साक्ष झाली. पुढचे दोन त्याच्या मागे रांगेत आहेत. बँकेने पोचा, १०एबीचा आदेश आणि ठराव बघून सह्या चालू केल्या. ताईंचा पगार मात्र त्याआधीच, ऑक्टोबरात, अण्णांनी आणि दोन गाळेवाल्यांनी उसने दिले तेव्हा निघाला.

सुरतेच्या काकांच्या मुलाने मार्चमध्ये अभ्यासिकेसाठी ५१ हजारांचा चेक पाठवला. गुरुजी उधन्याला सही घ्यायला गेले होते, तेव्हाच त्याने संस्थेची चौकशी केली होती. गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. वर्षभराच्या देणगीदारांची यादी त्यांनी केली आहे, ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरण, भरायचा आहे आणि तिघांचे पॅन अजून मिळायचे आहेत. त्यातला एक पुतण्याचा आहे. त्याने दोन हजार रोख दिलेत, आणि दोन हजारांपर्यंत रोख चालते हे त्यांना माहीत होतं, तरी विचारून खात्री केली.